राफाएल वरान थांबला: गुडघा, डोकं आणि सेंटर-बॅकचं काम

कूपरेजकर
बुध, २५/०९/२०२४ - २१:१०

फ्रान्सचा सेंटर-बॅक (बचावफळीच्या मधला खेळाडू) राफाएल वरानने आज इन्स्टावर निवृत्ती जाहीर केली. वय ३१. जुलैत इटलीच्या कोमो क्लबशी दोन वर्षांचा करार, ११ ऑगस्टला कोपा इटालियात साम्पदोरियाविरुद्ध पहिला सामना, आणि अर्धा तास व्हायच्या आत गुडघ्यामुळे बाहेर. सेरी आच्या (इटलीच्या मुख्य लीगच्या) यादीत त्याचं नाव दिसलं नाही तेव्हाच पाल चुकचुकली होती.

आकडे एकदा लिहून ठेवतो, पुढे भांडायला बरे पडतात. फ्रान्सच्या लाँस क्लबमधून १८व्या वर्षी रेआल माद्रिदला. तिथे दहा मोसम, ३६० सामने, १८ करंडक, त्यात चार चॅम्पियन्स लीग. २०१८चा विश्वचषक. मँचेस्टर युनायटेडसाठी ९५ सामने, लीग कप २०२३ आणि एफए कप २०२४. फ्रान्ससाठी ९३ सामने, आणि तिथून फेब्रुवारी २०२३ मध्येच, २९व्या वर्षी, स्वतःहून बाहेर.

निरोपात त्याने वेम्बलीवर करंडक जिंकलेला सामना शेवटचा धरलाय. साम्पदोरिया हिशेबातच नाही. बरोबर केलं.

धाग्यावर श्रद्धांजल्या नकोत, माणूस कोमोतच मैदानाबाहेरचं काम बघणार आहे. खेळावर बोला, दुखापतीवर बोला. युनायटेड विरुद्ध माद्रिद सुरू करणाऱ्यांनी आधी इनो घ्यावा.

बोरिवली_अल्ट्रा
बुध, २५/०९/२०२४ - २१:२२

बाहेर पावसाचा रेड अलर्ट, रविवारी बार्सिलोनाचा गोलकीपर टेर स्टेगनचा गुडघा गेला, त्याच दिवशी मँचेस्टर सिटीचा मिडफिल्डर रॉड्रीचा गेला, आणि आता हे. रॉड्री गेल्या आठवड्यातच म्हणाला होता की खेळाडू संपाच्या जवळ पोचलेत. चॅम्पियन्स लीगच्या नव्या साखळीत सहाऐवजी आठ सामने. घ्या अजून.

गिरगाव_विंगर
बुध, २५/०९/२०२४ - २१:३१

एक कळत नाही. रॉड्री वर्षभरात परत येईल असं सगळे धरून चाललेत. मग वरानला वीस-पंचवीस मिनिटांच्या सामन्यात असं काय झालं की थेट दुकान बंद? तोही ३१व्या वर्षी? ब्राझीलचा सेंटर-बॅक थियागो सिल्वा चाळिशीत खेळतोय.

सांधेजोड
बुध, २५/०९/२०२४ - २१:५८

गिरगावकर, गुडघ्याची दुखापत म्हणजे एकच गोष्ट नव्हे.

लिगामेंट (हाडांना हाडं बांधणारा पट्टा) तुटलं तर ते नवीन बसवता येतं. मांडीमागच्या स्नायूच्या कंडरेचा किंवा वाटीखालच्या पट्ट्याचा तुकडा काढायचा, मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडायचे, त्यात तो बसवायचा. नऊ महिने थांबलात, आणि त्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्क्यांवर आली, की परत मैदानात. वेळखाऊ आहे, पण रस्ता ठरलेला आहे. आपला भारताचा सेंटर-बॅक संदेश झिंगन ऑक्टोबर २०१९ मध्ये जखमी झाला, २०१९-२० चा अख्खा मोसम बुडाला, पण परत उभा राहिला.

मेनिस्कस आणि कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) हे प्रकरण वेगळं. मेनिस्कस म्हणजे दोन हाडांमधल्या दोन गाद्या, आतल्या बाजूची आणि बाहेरच्या बाजूची. त्यांना रक्तपुरवठा फक्त कडेच्या साधारण एक तृतीयांश भागात. फाटलं ते कडेला असेल तर टाके घालून जुळतं, चार ते सहा महिने लागतात. आतल्या भागात फाटलं तर तिथे रक्तच नाही, भरून यायचं कसं? मग फाटका तुकडा कापून टाकतात. खेळाडू दीड-दोन महिन्यांत मैदानात दिसतो, क्लब खूश, चाहते खूश. पण गादी जेवढी कापली तेवढा भार थेट खालच्या कूर्चेवर. ही कूर्चा दोन ते चार मिलिमीटर जाड. तिला रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. म्हणजे ती भरून येत नाही, आणि झिजताना सुरुवातीला दुखतही नाही. दुखायला लागतं तेव्हा खालचं हाड बोलायला लागलेलं असतं.

बाहेरची गादी गेली तर जास्त वाईट. नडगीच्या हाडाचा तो भाग वरून फुगीर असतो, त्यामुळे गादी गेली की भार एका छोट्या ठिपक्यावर एकवटतो.

वरानची मेनिस्कसची शस्त्रक्रिया २०१३ ची, विशीतली. त्यानंतर अकरा वर्षं तो सर्वोच्च पातळीवर खेळला. म्हणून प्रश्न कोमोतल्या मिनिटांचा नाही. ती मिनिटं त्या अकरा वर्षांच्या शेवटी आली.

मुंब्रा_मेस्सी
बुध, २५/०९/२०२४ - २२:०४

वाचतोय.

थिएटर_ऑफ_ड्रीम्स_दादर
बुध, २५/०९/२०२४ - २२:१५

तरी म्हणतो, माद्रिदने रस काढून चोथा आमच्या युनायटेडच्या गळ्यात मारला. लीगचे ३८ पैकी सामने बघा: २२, २४, २२. एकही मोसम सलग नाही. ज्या दिवशी तो आणि जोडीदार लिसांद्रो दोघं तंदुरुस्त त्या दिवशी आमचा बचाव पोलादी, बाकी दिवशी चाळण. एफए कप फायनल आठवा, शनिवारी संध्याकाळी साडेसात, समोर सिटी, दोघंही संघात आणि २-१.

कूपरेजकर
बुध, २५/०९/२०२४ - २२:१९

इनो. रांगेत उभे राहा.

लास्ट_मॅन
बुध, २५/०९/२०२४ - २२:५०

चोथा वगैरे सोडा. तो करायचा ते काम नीट पाहिलं तर दुखापतीचं कारण त्यातच दिसतं.

माद्रिदमध्ये जोडीदार रामोस पुढे घुसायचा, मागची मोकळी जागा वरानची. ही जागा सांभाळायची त्याची पद्धत तरुण सेंटर-बॅकने शिकण्यासारखी आहे. समोरच्या मिडफिल्डरची मान खाली गेली आणि पाय मागे गेला, म्हणजे लांब चेंडू येणार. त्या क्षणी, चेंडू सुटायच्या आधी, दोन-तीन पावलं मागे. छाती चेंडूकडे सरळ कधीच नाही, अंग तिरपं, पुढचा पाय स्ट्रायकर जिकडून पळेल तिकडे. कमर आधीच अर्धी वळलेली असल्यामुळे वळण्यात पाऊण सेकंद जात नाही. मग चेंडूच्या मागे पळायचं नाही. चेंडू आणि गोलपोस्ट यांच्यामधली रेघ गाठायची. रेघ गाठली की स्ट्रायकरला बाहेरच जावं लागतं आणि मग घसरायची वेळच येत नाही. म्हणून याचे शॉर्ट्स ९०व्या मिनिटालाही पांढरेशुभ्र.

डोळ्यांना हे फुकट दिसतं, गुडघ्यांना नाही. पूर्ण वेगात पळून दोन-तीन पावलांत थांबणं, वळणं, परत उसळणं. थांबताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार गुडघ्यावर येतो. वर प्रत्येक हेडरनंतर एका पायावर उतरणं, तेही समोरच्याचा धक्का खाऊन. स्ट्रायकर कधी पळायचं ते स्वतः ठरवतो. डिफेंडरला ते ठरवता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या वेळेवर थांबावं लागतं. हाय लाइन लावली, म्हणजे बचावफळी मैदानात बरीच पुढे उभी केली, की हे सगळं दुप्पट.

बचावासाठी पन्नास यार्ड मोकळे ठेवणाऱ्या कोचेसनी हे बिल भरायला हवं, भरतो डिफेंडर.

अवांतर: जानेवारी २०१३, स्पेनच्या कोपा देल रे कपची उपांत्य फेरी, माद्रिदचं मैदान बर्नाबेऊ, समोर बार्सा. १९ वर्षांच्या पोराने झावीचा शॉट गोलरेषेवरून काढला आणि ८१व्या मिनिटाला हेडरने बरोबरी साधली. त्या १-१ मध्ये बार्साचा गोल कोणाचा होता? फॅब्रेगासचा. तोच आज कोमोचा कोच.

कुर्ल्याची_कीपर
बुध, २५/०९/२०२४ - २३:१२

गुडघ्यावर सगळे बोलतायत, डोक्यावर कोणीच नाही. एप्रिलमध्ये त्याने फ्रान्सच्या लेकिप या क्रीडा दैनिकाला दिलेली मुलाखत विसरलात?

२०१४ विश्वचषक, ३० जून, नायजेरियाविरुद्ध डोक्याला मार. ४ जुलैला जर्मनीविरुद्ध मैदानात. तेराव्या मिनिटाला फ्री किकवर हुमेल्सने हेडर मारला तेव्हा त्याच्या अंगावर कोण होतं? वरान. फ्रान्स १-० ने घरी. आम्ही तेव्हा 'पोरगं अजून कच्चं आहे' म्हणून मोकळे झालो. पुढे ७ ऑगस्ट २०२०, सिटीविरुद्ध दोन चुका, दोन गोल, माद्रिद चॅम्पियन्स लीगमधून बाहेर. त्याही सामन्यात आधीच्या डोक्याच्या माराचा परिणाम होता असं तो म्हणाला. सात वर्षांच्या स्वतःच्या मुलाला हेडर मारू नकोस असं सांगतो, हेही.

हिशेब करा. डोक्याला मार बसल्यावर परत येण्याच्या सहा पायऱ्या: हलकी दैनंदिन हालचाल, हलका व्यायाम, चेंडूसह धावणं, अवघड सराव पण धक्काबुक्की नाही, डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव, मग सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास, त्रास परत सुरू झाला तर एक पायरी मागे. सुरुवातीची एक-दोन दिवसांची विश्रांती धरली तर आठवडा लागतोच. ३० जून ते ४ जुलै म्हणजे चार दिवस.

आपल्या मैदानांवर तर डॉक्टरच नसतो. म्हणून कॅप्टनने हे पाच प्रश्न पाठ करावेत: आपण कुठल्या मैदानावर आहोत? कुठला हाफ चालू आहे? शेवटचा गोल कोणी मारला? मागचा सामना कोणाशी होता? तो जिंकलो का? एक जरी उत्तर चुकलं तरी बाहेर आणि त्या दिवशी परत नाही. पाचही बरोबर आली पण चक्कर, मळमळ, धूसर दिसणं यातलं काही असेल, तरीही बाहेर. शुद्ध हरपली, उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली किंवा मान दुखत असेल तर थेट हॉस्पिटल. तोंडावर पाणी मारून 'खेळेल रे' म्हणणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो, त्याला आधी बाजूला काढा.

सरावातले हेडर मोजायचीही सवय लावा. इंग्लंडच्या एफएने २०२१ पासून जोरदार हेडर आठवड्याला दहाच्या आत ठेवायला सांगितलंय. जोरदार म्हणजे ३५ मीटरच्या वरचे पास, क्रॉस, कॉर्नर, फ्री किक. टेनिस बॉलने किंवा हाताने अलगद फेकून टायमिंगचा सराव होतो, त्याला जड चेंडू लागत नाही.

गिरगाव_विंगर
बुध, २५/०९/२०२४ - २३:२०

हुमेल्सचं कनेक्शन डोक्यातच आलं नव्हतं. सांधेजोड आणि ताई, दोघांनाही दंडवत. पण मग प्रश्न उलटा होतो: थांबायला उशीरच केला का त्याने?

व्हाइट_हार्ट_विक्रोळी
गुरु, २६/०९/२०२४ - ००:०५

लेडली किंगचं नाव अजून आलं नाही म्हणजे इथे स्पर्सवाला (टॉटनहॅमचा चाहता) मी एकटाच. जुलै २०१२ मध्ये निवृत्त, वय तेच, ३१. अख्खी कारकीर्द एकाच क्लबकडे, ३२३ सामने, २००८ चा लीग कप कॅप्टन म्हणून उचलला. शेवटची काही वर्षं गुडघ्यात कूर्चा जवळजवळ नव्हती. आठवड्याचा क्रम असा: सामना खेळायचा, गुडघा सुजायचा, टीमबरोबर सराव जवळपास शून्य, जिम आणि पोहण्याचा तलाव, सूज उतरली की पुढचा सामना. आणि त्या दिवशी लीगमधला सर्वोत्तम डिफेंडर. कसं जमायचं ते आजही कळत नाही.

दुसरं टोक म्हणजे लिव्हरपूलचा जुना डिफेंडर डॅनियल अगर. २०१६, वय परत ३१. निवृत्तीनंतर उघड बोलला की वर्षानुवर्षं सूज उतरवणाऱ्या गोळ्यांवर खेळत होता, प्रमाणाबाहेर घेत होता. या दोघांकडे बघून मला वाटतं वरानने वेळेत हात काढून घेतला. फ्रान्स आधी सोडलं, मग प्रीमियर लीग, मग सगळंच.

सांधेजोड
गुरु, २६/०९/२०२४ - ००:२५

किंगचं जमायचं कारण सूज. म्हणजे तो सूज उतरेपर्यंत थांबायचा, हेच कारण. गुडघ्यात २०-३० मिलिलिटर पाणी भरलं तरी मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू अर्धवट बंद पडतो. मज्जासंस्थाच त्याला आवरतं घ्यायला लावते. स्नायू झोपला की गुडघ्याचा भार सांध्यावर, त्याने अजून सूज. या चक्रात गोळी घेऊन खेळलं तर दुखणं गप्प बसतं, स्नायू मात्र झोपलेलाच.

हे टर्फवर (कृत्रिम गवतावर) खेळणाऱ्यांनाही लागू. खेळायच्या आधी डायक्लोफेनाक किंवा आयब्युप्रोफेन घेऊन उतरायची फॅशन आलीय. मुंबईच्या दमटपणात तासाभरात घामाने अंगातलं पाणी कमी होतं, त्यात या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. दुहेरी मार. दुखणं लपवून खेळायचं असेल तर खेळूच नका.

मुंब्रा_मेस्सी
गुरु, २६/०९/२०२४ - ००:३३

युनायटेडचा ट्वेन्टेविरुद्धचा सामना सुरू झाला, दादरवाले गायब.

टर्फवरचे गुडघे यावर कोणी तरी सविस्तर लिहा ना. प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण कुबड्यांवर असतोच.

लास्ट_मॅन
गुरु, २६/०९/२०२४ - ०१:१०

आधी जमीन. गच्चीवरच्या किंवा पार्किंगवरच्या टर्फखाली बहुतेक वेळा सरळ काँक्रीट. गवताची पाती ४०-५० मिलिमीटर, मधे रबराचे काळे दाणे. हे दाणे पावसात वाहतात, आणि गोलपोस्टसमोरून पायांनी उडून कोपऱ्यात साचतात. बुकिंग करण्याआधी गोलपोस्टसमोर बोटं खुपसून बघा. लगेच कडक तळ लागला आणि पाती आडवी झोपलेली असली, तर त्या जागेवर गुडघ्याला काहीच उशी नाही. मालकाला दाणे झाडून पसरायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

मग बूट. सगळ्यात जास्त गुडघे इथे जातात. टीव्हीवर दिसतात ते एफजी बूट, लांब स्टड किंवा ब्लेड, नैसर्गिक गवतासाठी. टर्फच्या जाळीत ते अडकतात. वरचं शरीर वळतं, पाय वळत नाही, मधला गुडघा पिळला जातो. कोणी हात न लावता. छोट्या टर्फवर टीएफ, म्हणजे तळाला छोट्या रबरी गोळ्यांची नक्षी. कूपरेज किंवा वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझासारख्या पूर्ण मापाच्या कृत्रिम मैदानावर एजी, आखूड गोल स्टड आणि संख्येने जास्त. पावसाळ्यात शिवाजी पार्कच्या चिखलात एफजी ठीक. एकच जोडी घ्यायची ऐपत असेल आणि खेळ टर्फवरच असेल, तर डोळे झाकून टीएफ.

तिसरं वॉर्म-अप. फिफा ११+ हा फुकट उपलब्ध कार्यक्रम आहे: १५ व्यायाम, २० मिनिटं, तीन भाग. आठ मिनिटं हळू धावणं आणि कमरेची वळणं, दहा मिनिटं ताकद-तोल-उड्या, दोन मिनिटं वेगात धावणं आणि दिशा बदलणं. आठवड्यातून दोनदा नियमित केला तर दुखापती तीस टक्के आणि त्याहूनही जास्त घटतात असं अभ्यास सांगतात. आपली अडचण म्हणजे टर्फ तासावर भाड्याने, त्यातली वीस मिनिटं उड्या मारायला कोण देणार? उपाय सोपा: सामन्याच्या दिवशी मधला भाग करायचाच नसतो. पहिला आणि तिसरा, दहा मिनिटं, बाहेर पार्किंगमध्ये, आधीचा ग्रुप खेळत असताना. मधला भाग घरी, सामना नसलेल्या दिवशी.

त्यातला नॉर्डिक हा व्यायाम सर्वांत जास्त लोक चुकीचा करतात. गुडघ्यांखाली दुमडलेला टॉवेल, मागून कोणीतरी घोटे दाबून धरायचे, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. कंबर मोडून बसत बसत खाली गेलात तर मांडीमागच्या स्नायूला काही कामच उरत नाही. सुरुवात तीन ते पाच वेळा, बस्स. पहिल्याच दिवशी पंधरा केले की दोन दिवस रेल्वेचा जिना उतरताना आईची आठवण येते आणि मग व्यायामच सुटतो.

कुर्ल्याची_कीपर
गुरु, २६/०९/२०२४ - ०८:१५

टीएफबद्दल +१. फक्त एक भर: पुढे अर्ध्या अंगठ्याएवढीच जागा हवी. मोठ्या मापाच्या बुटात पाय आत घसरतो, आणि थांबताना तोल गुडघ्याला सावरावा लागतो.

सांधेजोड
गुरु, २६/०९/२०२४ - ०९:४०

आणि तरीही गुडघा गेलाच तर.

कधी सुजला ते लक्षात ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील. 'कट्' असा आवाज आणि दोन तासांत टम्म सूज, म्हणजे आत रक्त, लिगामेंटचा संशय. रात्री झोपून सकाळी सूज दिसली तर मेनिस्कसकडे बोट. गुडघा अर्ध्यात अडकून सरळच होत नसेल तर फाटका तुकडा सांध्यात अडकलाय, त्याला थांबायला वेळ नाही. चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल किंवा वाटीवरच दाबल्यावर दुखत असेल तर त्याच दिवशी एक्स-रे. एमआरआय नंतर, तपासणी करणारा सांगेल तेव्हा.

पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, मालिश नाही, दारू नाही. तिन्हींनी सूज वाढते. क्रेप बँडेज, पाय उशीवर, आणि दुखू न देता टाच सरकवत हलकी हालचाल. गुडघा 'बसवून देतो' म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका, तिथे बसवायचं काहीच नसतं.

शस्त्रक्रिया झाली तर कुबड्या घेऊन पुलावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबड्या आधी. टाके घातलेल्या मेनिस्कसला पहिले चार-सहा आठवडे काटकोनापलीकडे वाकवायला बहुधा मनाई असते, मांडी घालणं आणि उकिडवं बसणं त्याहून कितीतरी लांबणीवर. नेमक्या मर्यादा ज्याने टाके घातले त्यालाच विचारा, कारण टाका कुठे आहे ते त्यालाच माहीत.

मुंब्रा_मेस्सी
गुरु, २६/०९/२०२४ - ०९:५५

मेनिस्कस थोडा फाटलाय असं एमआरआयमध्ये आलं, पण चालताना दुखत नाही. अशा माणसाने पुढच्या आठवड्यात गरबा खेळला तर चालेल का? मित्रासाठी विचारतोय.

सांधेजोड
गुरु, २६/०९/२०२४ - १०:०२

नाही. पाय जमिनीत रोवून वरून गिरकी घेणं, याच हालचालीने तो फाटतो. मित्राला कडेला उभं राहून टाळ्या वाजवू दे.